दसरा काढताना निघालेला ढीग: बोहारीण, वाकळ, दान की घंटागाडी?

नवरात्राच्या तोंडावर दसरा काढायला, म्हणजे घरातलं सगळं धुऊन-झाडून काढायला घेतलं की वाकळा-चादरींच्या मागून आणखी एक ढीग बाहेर येतो. गुडघ्यात फुगलेल्या लेगिंग्ज, दोन धुण्यांत गोळे आलेली कुर्ती, रबरी छापाचे टी-शर्ट, पोरांना आखूड झालेले गणवेश. जीन्स ६००-७०० ग्रॅमची, साडी अर्ध्या किलोच्या आसपास, टी-शर्ट दीड-पावणेदोनशे ग्रॅमचा. चार माणसांच्या घरात पोतं भरायला वेळ लागत नाही.

पूर्वी या ढिगाच्या वाटा ठरलेल्या होत्या. सुती लुगडं वाकळीला, धोतर फडक्याला, बरी पॅन्ट बोहारणीला. वाटा आजही त्याच आहेत, माल मात्र बदललाय. जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांपैकी निम्म्याहून जास्त आता पॉलिस्टर असतं, म्हणजे पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकची तेच, फक्त धाग्याच्या रूपात. ते पाणी पीत नाही, कुजत नाही, म्हणून सुती कपड्याच्या अर्ध्याअधिक वाटा त्याला बंद आहेत. तेव्हा ‘कुणाला द्यायचं’ हे ठरवण्याआधी ‘हे आहे कशाचं’ ते बघायला हवं.

आधी काडी लावून बघा

लेबलवर ‘कॉटन ब्लेंड’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचा उपयोग नाही. त्यात सूत किती ते कळत नाही. शिवणीच्या आतून दोन इंचांची बारीक पट्टी कापा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. काडी लावल्यावर पट्टी लगेच पेटली, कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरडणारी करडी राख राहिली तर सूत किंवा रेयॉन. ज्योतीपासून आक्रसली, वितळली, काळा धूर आला आणि थंड झाल्यावर कडक मणी राहिला तर पॉलिस्टर. पेटलीही आणि मणीही राहिला, तर मिश्रण. शाळेच्या गणवेशाचा टेरिकॉट, म्हणजे सूत-पॉलिस्टरचं मिश्रण, इथेच पकडला जातो. तो मणी गरम असताना बोटाला चिकटतो, हात लावू नका.

सूत आणि रेयॉन यांत फरक करायचा तर पट्टी ओली करून ताणा. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते आणि ते पटकन तुटतं. सुताचं तसं होत नाही. बाजारातल्या स्वस्त, झुळझुळीत कुर्त्यांत रेयॉन भरपूर असतं.

अंगावर घालण्याजोगं असेल तर: बोहारीण की दान?

बोहारणीचा हिशोब उघड असतो. तिला पुन्हा विकता येईल असा माल हवा: पॅन्टी, जीन्स, न विरलेल्या साड्या, चेन चालू असलेली जर्किनं. बदल्यात स्टीलचा डबा, पातेलं, नाहीतर प्लॅस्टिकची बादली. पातेल्यासाठी घासाघीस करताना आपण तिच्यावर उपकार करतो आहोत असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर कपडे निवडणं, धुणं, बटण लावणं, इस्त्री करणं आणि आठवडी बाजारात बसून विकणं ही सगळी मेहनत तिच्या बाजूची असते. पैसे गुंतलेले असल्यामुळे तिने घेतलेला कपडा बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंगावर जातो. दानात ही खात्री नसते.

तिची अडचण एकच. आजच्या ढिगातलं तिला फारसं नको असतं. विटलेले टी-शर्ट, लेगिंग्ज, सैल झालेलं इलॅस्टिक ती हातानेच बाजूला सारते. त्यावर रागावू नका. तिने नाकारलेल्या कपड्याला गिऱ्हाईक नाही, एवढी माहिती ती फुकट देऊन जाते.

दान करायचं तर कुणाला, कधी आणि काय, हे जुळलं पाहिजे. सांगली-मिरज परिसरात सर्वांत चांगला मेळ बसतो तो ऊसतोडीच्या टोळ्यांशी. साधारण दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि टोळ्या कोप्या घालून राहायला येतात. उसाचा पाला अंग कापतो, म्हणून तोडणाऱ्या बायका साडीवर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट घालतात. इथे टेरिकॉटचा शर्ट सुती शर्टापेक्षा सरस ठरतो. तो लवकर फाटत नाही आणि रात्री धुतला तर सकाळी वाळलेला असतो. फुल शर्ट, जाड पॅन्टी, पोरांचे स्वेटर आणि कानटोप्या नक्की वापरात येतात. स्लीव्हलेस टॉप आणि नेटचा घागरा येत नाहीत.

देण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. धुऊन, तुटलेली बटणं लावून, पुरुष-बायका-मुलं असे वेगळे गठ्ठे बांधा, वर माप लिहा आणि मुकादमाशी आधी बोलून संध्याकाळी टोळी परतल्यावर न्या. पोतं उपडं करून येऊ नका. कृष्णेच्या २०१९ च्या महापुरानंतर मदतीच्या कपड्यांचं काय झालं ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. न निवडलेले, ओलसर, मिसळलेले ढीग वाटणाऱ्यांच्याच गळ्यात पडतात आणि शेवटी कचरा होतात. नको असलेले कपडे गरजूंसाठी ठेवायला ‘माणुसकीची भिंत’ म्हणून ठिकठिकाणी जागा सुरू झाल्या. कल्पना चांगली, पण छप्पर नसेल आणि रोज आवरणारं माणूस नसेल तर एका पावसात तिथला माल जातो. टाकण्यापूर्वी दोनदा जाऊन बघा. पहिल्या खेपेचे कपडे दुसऱ्या खेपेला तिथेच पडलेले दिसले तर ती जागा टाळा.

बाहेरच्या संस्थांमध्ये १९९९ पासून दिल्लीहून काम करणारी ‘गूंज’ सर्वांत माहितीची. तिथे चांगले कपडे गावोगावी जातात आणि वापरलेल्या सुती कापडापासून मासिक पाळीसाठी घड्या केल्या जातात. म्हणजे जुनं पण स्वच्छ सूतही चालतं. सांगलीहून पार्सलचं भाडं मात्र आपल्या खिशातून जातं, म्हणून दोन-चार शेजाऱ्यांचं सूत एकत्र करून, आधी विचारून पाठवलं तर परवडतं. मोठ्या शहरांतल्या दालनांत जुने कपडे घेणारे खोके असतात आणि बदल्यात सवलतीचं कूपन मिळतं. तेच कूपन नवा कपडा घ्यायला लावतं, त्यामुळे आम्ही या वाटेला मार्क कमी देऊ.

घालण्याजोगं नाही, पण सुती आहे: वाकळ की फडकी?

वाकळ सगळ्यांना आवडते, पण ती सगळं गिळते हा गैरसमज आहे. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची. मधोमध दुमडली की नऊ फूट लांब, पावणेचार फूट रुंद असे दोन थर मिळतात. दोन साड्यांचे चार थर झाले. जास्तीची लांबी आत दुमडून सात फुटांवर आणा. मधे जुनी चादर किंवा सहा-सात सुती शर्ट उलगडून सपाट पसरा. कॉलर, कफ, खिशाची पट्टी, बटणं, चेन, नेफा सगळं आधी कापून टाका. त्या जाडीवर सुई मोडते आणि झोपल्यावर पाठीला टोचतं. सगळं मिळून साधारण दोन किलो कापड एका वाकळीत बसतं.

शिवण्याआधी प्रत्येक थर गरम पाण्यातून काढा. न आटलेला तुकडा आत राहिला तर पहिल्या धुण्यात तो आक्रसतो आणि वाकळ चुणते. रंग सुटणारं कापड मधे घालू नका, फिक्या अस्तरावर डाग उमटतो. चारी बाजूंनी आधी लांब कच्चा टाका घाला, मग कडेकडून आत येत दोन बोटांच्या अंतराने धावदोरा घाला. अंतर चार बोटं केलं तर काम लवकर उरकतं, पण वर्षभरात आतले तुकडे गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतात. शिवून घेणार असाल तर मजुरी ठरवतानाच थर किती आणि टाक्यांत अंतर किती ते बोलून घ्या.

नव्या ढिगातलं काय चालत नाही तेही बघा. जॉर्जेटची साडी वरच्या थराला सुंदर दिसते, पण घसरते आणि घाम टिपत नाही. होजिअरीचा, म्हणजे विणलेल्या ताणत्या कापडाचा टी-शर्ट टाका घालताना ताणला जातो, मग वाकळीला झोळ पडतो. जीन्स जड होते. तिच्या चौकोनांची सतरंजी किंवा बाजाराची पिशवी बरी. दोन वाकळी झाल्या की तिसरी कुठे ठेवायची हाही प्रश्न असतोच.

फडक्यांना एवढा थाट लागत नाही आणि कापड खपवण्यात ती वाकळीच्या पुढे आहेत. वाकळीत न चाललेला सुती होजिअरीचा टी-शर्ट इथे पहिल्या नंबरावर येतो. छापाचा भाग कापून टाका, उरलेल्याचे रुमालाएवढे चौरस करा, एका टी-शर्टात चार-पाच निघतात. घरात पुरून उरली तर गॅरेज, लेथवाले आणि कुपवाड एमआयडीसीतले कारखाने यांना तेल पुसायला असं कापड लागतंच, पण सुती, धुतलेलं आणि बटण-चेन काढलेलं. एक राहिलेली चेन यंत्राच्या घासून तयार केलेल्या भागावर ओरखडा काढते आणि पुढच्या वेळी ते तुमचं पोतं घेत नाहीत. टेरिकॉट नको म्हणतात ते उगाच नाही. ते तेल टिपण्याऐवजी पसरवतं.

सुती चिंध्या खतातही कुजतात, बोटभर तुकडे करून ओल्या पाल्यात मिसळल्या तर. काही महिन्यांनी खत चाळताना शिवणीचे दोरे तेवढे जसेच्या तसे हाताला लागतात, कारण सुती कपड्याचा शिवणदोराही बहुधा पॉलिस्टरचाच असतो.

फाटलंय आणि मिश्रणाचंही आहे: मग काय?

या मालाला सांगलीत चांगली वाट नाही. पानिपत मराठी माणसाला दुसऱ्या कारणासाठी ठाऊक, पण चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढायचा देशातला मोठा धंदा तिथेच आहे. पिंजताना धागा तुटून आखूड होतो, म्हणून त्यातून जाडीभरडी ब्लँकेटं निघतात, नवा शर्ट निघत नाही. जगभरातही जुन्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा होण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत धरलं जातं. सूत आणि पॉलिस्टर एकाच धाग्यात पिळलेले असले की यंत्राने ते सोडवता येत नाहीत, आणि त्यात दोन-पाच टक्के लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) असेल तर कापड पिंजताना ताणलं जाऊन गुंततं.

उरतात तीन वाटा. पाणी तापवायच्या बंबात घालणं ही सर्वांत वाईट. पॉलिस्टर वितळून जाळीवर चिकटतं आणि हवा कोंडते. टी-शर्टवरचा जाड रबरी छाप बहुधा पीव्हीसीचा असतो, तो जळला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, आणि बंब असतो न्हाणीघराच्या दारात. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनीही मनाई केली आहे. नदीत सोडणंही तसंच. गेलेल्या माणसाचे कपडे कृष्णेत सोडताना मनात सुती धोतर-लुगडं असतं. आजची सिंथेटिक साडी काठच्या मुळांना नाहीतर पाणी उपसणाऱ्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला गुंडाळते. विधीपुरता एक सुती रुमाल सोडला तरी भागतं का, ते घरातल्या मोठ्यांशी बोलून बघा.

म्हणून घंटागाडी. तिच्यात टाकलं की प्रश्न सुटला असं नाही, समडोळी किंवा बेडग रस्त्यावरच्या कचरा डेपोपर्यंत सरकतो एवढंच. पण सुक्या कचऱ्यात, कोरडं, वेगळ्या पिशवीत बांधून दिलं तर ते निदान निवडता येतं आणि सोय असेल तिथे सिमेंटच्या भट्टीसाठी इंधन म्हणून जाऊ शकतं. भाजीच्या देठांत भिजलेली लेगिंग कुणी निवडत नाही. ओल्यात गेलेलं पॉलिस्टर खतातही बारीक तंतू होऊन राहतं.

लेगिंगपुरती एक छोटी पळवाट आहे. तिच्या दोन इंची आडव्या पट्ट्या कापल्या की ताणणाऱ्या दोऱ्या होतात. टोमॅटोचं रोप किंवा दोडक्याचा वेल मांडवाला बांधायला त्या सुतळीपेक्षा बऱ्या, कारण खोड जाड झालं तरी काचत नाहीत आणि पावसात कुजत नाहीत. हंगाम संपल्यावर मात्र मोजून सोडून घ्या, नाहीतर नांगरटीत त्या मातीत जातील. एका लेगिंगच्या वीस-पंचवीस पट्ट्या निघतात. परसात वेल दोनच असतील तर दुसरी लेगिंग कापायची गरज नाही.