रुसीयों की कोंक? आठवडाभर राहायचं तर कुठे

दोन्ही गावं फ्रान्सच्या 'सर्वांत सुंदर गावां'च्या यादीतली. 1982 साली स्थापन झालेली एक संस्था ही यादी चालवते, आणि दोन हजारांवर वस्ती गेली की त्या गावाचा विचारच होत नाही. फोटो दोन्हीकडे झकास येतात, त्यावरून ठरवू नका. दोन्हीकडे गाडी लागतेच. खरा प्रश्न असा, की तुम्ही सकाळची माणसं की संध्याकाळची?

रुसीयों दक्षिणेकडच्या प्रोव्हान्समध्ये, ल्युबरोंच्या डोंगररांगेच्या बाजूला. (बुकिंग करताना जपा, स्पेनच्या सीमेलगत याच नावाचा अख्खा प्रदेश आहे.) गाव गेरूच्या टेकडीवर वसलंय आणि घरांच्या भिंतीही त्याच मातीने रंगवलेल्या, पिवळ्यापासून पार लालभडक. जुन्या खाणींतून आता तिकीट काढून फिरता येतं. पांढरे बूट नेऊ नका, माझ्या बुटांच्या शिवणीत तो रंग अजून बसलाय. दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, चुकवत आयरिश लेखक सॅम्युअल बेकेट इथे येऊन राहिला होता, शेतांवर राबायचा.

इथली सकाळ गावकऱ्यांची. गुरुवारी बाजार भरतो. पहिल्या दिवशी मी बेकरीत शिरून थेट पाव मागितला. बाई शांतपणे "बोंजूर" म्हणाल्या आणि थांबल्या. मीही "बोंजूर" म्हटल्यावरच त्यांचा हात पावाकडे गेला. अकरानंतर मात्र पर्यटक लोटतात, आणि जुलैत लव्हेंडरच्या मोसमात तर चालायला जागा नसते.

कोंकचं उलट. दक्षिण फ्रान्सच्याच अवेरों भागात, उतारावर, दगडी पातळ फरश्यांच्या छपरांचं हे इवलंसं गाव. नवव्या शतकात एका साधूने आजें गावातून संत फुआच्या अस्थी चक्क पळवून आणल्या, यात्रेकरू येऊ लागले, आणि त्या चोरीवर गावाचं भाग्य उजळलं. चर्चच्या दारावर बाराव्या शतकातला 'अखेरचा न्याय', म्हणजे कुणी स्वर्गात आणि कुणी नरकात जायचं याचा निवाडा, कोरलाय. आत चित्रकार पिएर सुलाजच्या 104 खिडक्या आहेत, 1994 साली पुऱ्या झालेल्या. रंगीत काच एकही नाही, आणि तरी दिवसभरात उजेड बदलत राहतो. सुलाज जवळच्याच रोदेझचा.

दिवसा इथेही गर्दी असतेच. पण संध्याकाळी गाड्या गेल्या की उरतात स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाकडे पायी निघालेले यात्रेकरू. खिडक्यांत मोजे वाळत असतात, पायऱ्यांवर कुणी फोडांना पट्ट्या लावत बसलेलं. रात्रीच्या प्रार्थनेनंतर एक साधू दारावरची शिल्पं समजावून सांगतो. फ्रेंच कळलं नाही तरी सैतानापाशी सगळे हसतात तेव्हा आपणही हसतो. मग आत ऑर्गन सुरू होतो.

शाकाहारी असाल तर कोंककडे आलिगो मिळेल: बटाटा आणि ताजं चीज घोटून केलेलं, पळीने उचललं की हातभर तार सुटते. दोन दिवसांनी जड होतं. चीजमधल्या रेनेटचं (वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाचं) वावडं असेल तर आधी विचारा. किराणा येतानाच भरून आणा. गुडघे दुखत असतील तर हा उतार नकोच, आणि हिवाळ्यात अर्धं गाव कुलपात असतं.

मुलं बरोबर असतील, स्वतः रांधायचं असेल, तर आठवडा रुसीयोंलाच काढा, मे किंवा सप्टेंबरात. मी पुन्हा गेलो तर कोंकला जाईन, पण तीनच रात्री.