इंजिन स्वॅपमधे फसलो: सात रिब सांगितल्या, निघाल्या तीन

इंजिनच्या ब्लॉकवर, म्हणजे मुख्य धडावर, सात रिब (बाहेरून उठलेल्या कडा) सांगितल्या होत्या, बोटाला लागल्या तीन. तिथेच कळलं आपण फसलो, पण तोवर पैसे जाऊन बसले होते. जुन्या हलक्या गाडीत दुसरं इंजिन टाकायचा विचार कोणी करत असाल तर पैसे पाठवायच्या आधी हे पूर्ण वाचा, कळकळीने सांगतोय.

गाडी माझी एमजी मिजेट, जुनी ब्रिटिश दोन सीटर स्पोर्ट्स कार, १२७५ सीसीवाली, वजन ७०० किलोच्या आसपास. मूळचं ए-सिरीज इंजिन ६५ हॉर्सपॉवरच्या घरातलं आणि माझं तर पार दमलेलं, ऑईल पिणारं, चढावर धूर सोडणारं. रिबिल्ड करू की स्वॅप करू यातच कितीतरी महिने गेले.

स्वॅपच ठरल्यावर मी नीट अभ्यास केला होता, म्हणजे डोळे झाकून उडी मारली असं अजिबात नाही. फोर्डचं दोन लिटर झीटेक बघितलं, दणकट आहे पण लोखंडी ब्लॉक आणि या गाडीच्या नाकावर वजन वाढलं की तिची सगळी मजाच जाते, वळणावर ही गाडी जशी हलकेच आत शिरते त्यासाठीच तर आपण ती ठेवतो ना. रोव्हरचं के-सिरीज ब्लॉकसकट अल्युमिनियमचं, वजनाला एकदम सुरेख, पण हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉकमधलं सील) बोंब सगळ्यांना माहीत आहे. होंडा एस२००० चं एफ२०सी म्हणजे २४० हॉर्सपॉवरच्या आसपास, तेवढी ताकद दिली तर मिजेटचे मागचे अॅक्सल शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) किती दिवस टिकतील? मूळचे शाफ्टच या गाडीत नाजूक आहेत. हलक्या गाडीत इंजिन निवडताना पॉवरचा आकडा शेवटी बघायचा, आधी वजन, उंची, चेंबर (इंजिनखालचं ऑईलचं भांडं) क्रॉसमेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या बीमला, कुठे लागतंय, गिअरबॉक्स कोणता बसतोय आणि मागचा अॅक्सल काय झेलेल हे बघायचं, या मतावर मी आजही ठाम आहे.

असं करत करत टोयोटाच्या ४ए-जीई वर आलो. १५८७ सीसी, ट्विन कॅम, सोळा व्हॉल्व्ह. ब्लॉक यालाही लोखंडीच आहे पण इंजिन आटोपशीर, आणि टोयोटाच्याच एई८६ कोरोलामधे हेच इंजिन मागच्या चाकांना ड्राइव्ह देत होतं त्यामुळे त्याचा टी५० गिअरबॉक्स सरळ जुळतो. यातही प्रकार आहेत. १९८३ पासूनच्या सुरुवातीच्या इंजिनांच्या ब्लॉकवर बाहेरून तीन उभ्या रिब असतात, नंतरच्यांवर सात. फरक नुसता रिबांचा नाही, जुन्यात क्रँकचे बिग एंड जर्नल (जिथे कनेक्टिंग रॉड बसतो तो भाग) ४० मिमीचे आणि पिस्टन पिन १८ ची, नंतरच्यात ४२ आणि २०. मला हवं होतं नंतरचं स्मॉलपोर्ट (हेडमधले हवेचे मार्ग लहान असलेलं), सात रिबवालं, १०.३ कॉम्प्रेशनचं.

विक्रेता इंपोर्टेड वापरलेली इंजिनं विकणारा. पहिल्याच फोनवर म्हणाला, "कशाला जुनं टोयोटा घेता, होंडाचं बी१६ देतो, तुमच्या गाडीत डायरेक्ट बसेल." आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, होंडाचं बी-सिरीज उलट्या दिशेने फिरतं, ते गाडीत लांबीच्या दिशेने बसवून नेहमीच्या गिअरबॉक्सने मागच्या चाकांना जोडलं तर गाडी मागे पळेल. मी हे सांगितल्यावर तो एक सेकंदही न थांबता म्हणाला, "हो बरोबर, मग तुमच्यासाठी ४ए-जीई च चांगलं, आहे माझ्याकडे." मी फोन ठेवायला हवा होता. ज्या माणसाला इंजिन कुठल्या दिशेने फिरतं याच्याशी देणंघेणं नाही त्याला तुमच्या गाडीशी काय देणंघेणं असणार? पण आपल्याला जे हवंय तेच समोरचा "आहे" म्हणाला की मन विरघळतं, माझंही विरघळलं.

मग फोटो आले. हेड, कॅम कव्हर, इनटेक, सगळं चकाचक आणि स्मॉलपोर्टचंच. ब्लॉकचा फोटो मात्र फक्त एका बाजूने. मी दुसऱ्या बाजूचा मागितला तर म्हणाला इंजिन पॅलेटवर बांधून ठेवलंय. मग स्टँडवर चालणाऱ्या इंजिनचा व्हिडिओ आला, मग कॉम्प्रेशन टेस्टचा, चारही सिलिंडर १३ बारच्या वर. "फक्त ६०,००० किलोमीटर चाललेलं." अहो, मीटर गाडीत असतं, इंजिनला नसतं! गाडीपासून सुटं झालेल्या इंजिनचे किलोमीटर म्हणजे विकणाऱ्याचा शब्द, बाकी काही नाही. तेवढ्यात "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" हे पण झालंच. पूर्ण रक्कम पाठवली.

इंजिन आलं, प्लॅस्टिकमधे गुंडाळलेलं, ब्लॉकला ताजा काळा रंग. माझ्या गाडीचं काम ज्या काकांकडे असतं ते आधी काहीच बोलले नाहीत, नुसता हात फिरवला. ब्लॉकच्या बाजूवर बोट ठेवून मला म्हणाले, "मोज रे." एक, दोन, तीन. पुढे सपाट. मग इंजिन नंबरची जागा चिंधीला थिनर लावून पुसली, जाड रंग सुटला आणि खाली ग्राइंडरच्या बारीक तिरक्या रेघा. नंबर नीट वाचताच येईना. बहुतेक ठिकाणी इंजिन बदललं की नवीन नंबर गाडीच्या कागदांवर चढवावा लागतो, मग घासलेला नंबर कुठे दाखवणार, आणि तो का घासला असेल हा विचार करूनच माझ्या पोटात गोळा आला.

प्लग काढले तर चारही प्लगचे आटे ऑईलने ओले. काकांनी समजावलं की सिलिंडरमधे थोडं ऑईल ओतलं की पिस्टनच्या रिंगांच्या फटी भरतात आणि गेजवर कॉम्प्रेशन झकास दिसतं. आमच्या पहिल्या टेस्टला आकडे बरे आले, ते ऑईल काढून परत केली तर दोन सिलिंडर धाडकन खाली. लीक-डाउन टेस्टला, म्हणजे सिलिंडरमधली हवा कुठून गळते ते बघायला, दाबाने हवा सोडली, डिपस्टिकच्या नळीला कान लावला तर आतून सुंईईई असा आवाज. म्हणजे हवा रिंगांवरून खाली चेंबरमधे जातेय. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

चेंबर उघडल्यावर उरलंसुरलं पण कळलं. जर्नल ४० मिमीचे, तिसऱ्या सिलिंडरच्या बिग एंड बेअरिंगवर नख अडकेल इतके ओरखडे, आणि तळाच्या ऑईलमधे चमचमणारा बारीक चुरा. पिस्टन जुने ९.४ कॉम्प्रेशनचे. या इंजिनांची हेडं एकमेकांच्या ब्लॉकवर बसतात, त्याचाच फायदा घेऊन थकलेल्या जुन्या ब्लॉकवर नवीन हेड चढवून "स्मॉलपोर्ट" म्हणून मला विकलं.

फोन केला तर पहिला प्रश्न, "तुम्ही इंजिन उघडलं का?" हो म्हणालो. "मग वॉरंटी संपली." बिलाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की सील तोडलं तर वॉरंटी नाही, आणि न तोडता फसवणूक कळणार कशी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नंतर फोन उचलणंच बंद. लेखी तक्रार दिली आहे, सोबत व्हिडिओ, फोटो, मेसेज सगळं जोडलंय. एक चूक इथे पण झाली, पेटी उघडतानाचं शूटिंग केलं नाही, त्यामुळे "हे इंजिन मी पाठवलेलंच नाही" असं म्हणायला त्याला जागा राहिली.

तुम्ही घेणार असाल तर स्वतः जा, किंवा ज्याला कळतं त्याला पाठवा, आणि चेंबर तुमच्या डोळ्यासमोर काढायला लावा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊच नका, इंजिन कितीही दुर्मिळ असो. स्वच्छ नंबर, ब्लॉकचे चारही बाजूंचे फोटो, गार इंजिनवर प्लग बघून केलेली कॉम्प्रेशन टेस्ट, एवढं मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याच इंजिनचे आहेत का हे पण विचारा, माझ्याकडे आलेली वायरिंग मधूनच कापलेली होती.

हेड मात्र खरंच चांगलं निघालं. सात रिबवाला सुटा ब्लॉक दुसरीकडे मिळाला, उघडा, क्रँक बाजूला काढून ठेवलेला, काकांनी तिथेच मायक्रोमीटर लावला, चारही जर्नल ४२ च्या मापात. मिजेट अजून स्टँडवरच आहे, पुढच्या आठवड्यात चेंबर कापून वेल्ड करायला जाणार आहे.