चावीचा कॅमेरा: बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स, जुना घेण्याआधी

हा १६ मिमी फिल्मवर चित्रण करणारा सिने-कॅमेरा. बॅटरी नाही, चार्जर नाही. पूर्ण चावी दिली की सेकंदाला २४ फ्रेम्सच्या वेगाला सुमारे २८ सेकंद चालतो, मग थांबतो. शंभर फुटांचं १६ मिमी रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं, म्हणजे एका रिळाला सहा चाव्या. स्वित्झर्लंडच्या पायार कंपनीने १९३५ साली एच-१६ काढला. पण घ्यायचा तर १९५६ नंतरचा, प्रिझमवाला, म्हणजेच रिफ्लेक्स: त्यात लेन्समधून येणारं चित्रच प्रिझम डोळ्याला दाखवतो. आधीच्या मॉडेलांत चौकट बाजूच्या व्ह्यूफाइंडरवरून धरावी लागते. जवळच्या वस्तूला हमखास चुकते. शिवाय सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांना दोन्ही कडांना भोकं असलेलीच फिल्म लागते, आणि ती आता सहज मिळत नाही.

प्रिझमची किंमतही मोजावी लागते. येणाऱ्या उजेडातला पाचवा ते चौथा हिस्सा डोळ्याकडे वळतो. शटरच्या फिरत्या चकतीची खाच १३० अंशांची असेल तर २४ फ्रेम्सना खरं एक्स्पोजर १/६५ सेकंद, पण लाइट मीटरवर १/८० लावा. ५० मिमीपेक्षा कमी फोकल लेंग्थची लेन्स आरएक्स खुणेचीच, म्हणजे या प्रिझमसाठी बनवलेलीच हवी. साधी सी-माउंट (आट्यांची बैठक असलेली) लेन्स बसते खरी, पण ॲपर्चर मोठं ठेवलं की चित्र मऊ पडतं, कारण प्रिझमची काच तिच्या हिशेबात धरलेली नसते.

या यंत्राची खरी मजा रीळ मागे फिरवण्यात आहे. कॅमेऱ्यातच डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरत दुसरं येणं, करायचा तर शॉटच्या शेवटच्या ४८ फ्रेम्समध्ये व्हेरिएबल शटर (ज्याची उघडीप कमी-जास्त करता येते) हळूहळू बंद करा. मग स्प्रिंगची मोटर सुटी करा, लेन्सवर झाकण घाला आणि छोटा दांडा सहा वेळा उलटा फिरवा. एका फेऱ्याला आठ फ्रेम्स. झाकण काढा, मोटर पुन्हा जोडा, पुढचा शॉट सुरू करताना त्याच गतीने शटर उघडा. दोन सेकंदांत एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं. लॅबचं काम हातात येतं म्हणून जोनास मेकससारखे प्रयोगशील चित्रपटकार या कॅमेऱ्याला चिकटून राहिले. फक्त शटर पूर्ण उघडलंय का, ते दर शॉटला पाहा. अर्धवट राहिलं तर अख्खं रीळ अंधारं येतं.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे आयपीसची झडप. डोळा लावलेला नसताना ती उघडी राहिली की मागून उजेड शिरून फिल्म धुरकटते. ट्रायपॉडवर एकेक फ्रेम घेणाऱ्या ॲनिमेशनवाल्यांना हा फटका हटकून बसतो.

दुकानात तपासणी अशी: फिल्म न घालता २४ वर लावा, फ्रेम काउंटर शून्यावर आणा, दहा सेकंद चालवा. काउंटर २४० च्या आसपास हवा. बराच मागे राहिला तर आतलं ग्रीस घट्ट झालंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरून भाव करा. रिकामा कॅमेरा ६४ वर मात्र पळवू नका. टरेटवर (लेन्स बसवायच्या फिरत्या चकतीवर) जड झूम लेन्स असेल तर हलवून पाहा. टरेट किंचित कलला तरी फोकस जातो. प्रिझमवर टॉर्च मारा. कोकणात, मुंबईत पडून राहिलेल्या नगात बुरशी सापडणं नवल नाही. लेन्सवरची कधी साफ होते, प्रिझमच्या आतली असेल तर सौदा सोडा.

संवादाच्या दृश्यांना हा नकोच: घरघर माइकमध्ये येते आणि स्प्रिंगच्या वेगावर ओठ जुळत नाहीत. मूक दृश्यं, ॲनिमेशन, दुहेरी एक्स्पोजर यांसाठी घ्या, पण आधी १६ मिमी धुणारी लॅब पक्की करा.