आतड्याचं वय 61

पोट सात-आठ महिने बिघडलेलं. जेवलं की फुगायचं, दुपारनंतर अंगात त्राण नसायचं. डॉक्टरांकडे जायचं टाळून रात्री फोनवर कारणं शोधत बसायचे. मग जाहिरातीच मागे लागल्या: 'आतड्यातले जिवाणू तपासा, आजाराचं मूळ शोधा.' घरी डबी येते, तिच्यात शौचाचा नमुना भरून पाठवायचा.

बावीस पानी रिपोर्ट आला. रंगीत आलेख, लांबलचक लॅटिन नावं आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'आतड्याचं वय 61'. मी 43 ची. उपाय म्हणून गहू बंद (आठवड्यातून एक दिवस सूट) आणि 'खास तुमच्यासाठी' बनवलेल्या कॅप्सूल. पैसे दर महिन्याला खात्यातून आपोआप जाणार.

मी फसले, कारण सांगितलेलं बरंचसं खरं होतं. आपल्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचणाऱ्या तंतूंपासून ते ब्युटिरेट बनवतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींना त्यातूनच बरीचशी ऊर्जा मिळते. सल्लागार बाई हे फोनवर छान समजावायच्या. गोम पुढच्या वाक्यात होती: 'म्हणून तुमचा आकडा 61.' निरोगी माणसाच्या आतड्यात नेमके कोणते जिवाणू किती असावेत, याचं सर्वमान्य प्रमाण अजून ठरलेलंच नाही. मग हे 61 कशाशी ताडून काढलं?

पहिले पंधरा दिवस हलकं वाटलं. श्रेय अर्थात कॅप्सूलला. पण सूट असलेल्या दिवशी गव्हाचं खाल्लं की हाल व्हायचे. सल्लागार बाई म्हणाल्या, "वाईट जिवाणू मरतायत, चांगलं लक्षण आहे." बरं वाटलं तर कॅप्सूलचा गुण, त्रास झाला तरी कॅप्सूलचाच गुण! तेव्हाच कान टवकारायला हवे होते. मी उलट डोस वाढवला.

चौथ्या महिन्यात डोकं ठिकाणावर आलं. एकाच सकाळी एकाच नमुन्यातून दोन डब्या भरल्या, एक माझ्या नावाने, दुसरी नवऱ्याच्या. माझं आतडं आलं 58 वर्षांचं, त्याचं 34. एकाच शौचाच्या दोन भागांत थोडाफार फरक असतो हे मान्य, पण चोवीस वर्षांचा? त्याच्यासाठीही 'खास' कॅप्सूल आल्या. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर बॅच नंबर तोच. लेबलवर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस', स्ट्रेनचा, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकाराचा, पत्ता नाही. प्रोबायोटिकचा (फायद्यासाठी घ्यायच्या अशा जिवंत जिवाणूंचा) जो काही पुरावा आहे तो ठरावीक स्ट्रेनचा, ठरावीक त्रासापुरता असतो. '50 अब्ज जिवंत जिवाणू' याच्या खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत 'उत्पादनाच्या वेळी'. म्हणजे बाटली माझ्या हातात येईपर्यंत किती उरले, त्याची हमी कोणाचीच नाही.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेले तेव्हा हिमोग्लोबिन 8.9 निघालं. त्यांना सीलिअ‍ॅकची शंका आली, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं तो आजार. म्हणाले, "गहू चालू आहे ना?" मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी पेन खाली ठेवलं. गहू जवळपास बंद असेल तर रक्तातली टीटीजी (या आजारातल्या प्रतिपिंडांची) तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. माझी तशीच आली. मग सहा आठवडे रोज गहू खायचा, आजारी पडायचं आणि पुन्हा तपासणी. त्या सहा आठवड्यांबद्दल न बोललेलं बरं. या खेपेला रक्तात आणि एंडोस्कोपीत, दोन्हीकडे सीलिअ‍ॅक निघाला.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "गहू बंद करा हे आम्हीच सांगितलं होतं की!" सीलिअ‍ॅकमध्ये आठवड्याची सूट नसते, जवही चालत नाही आणि पथ्य जन्मभराचं, हे मी त्यांना लिहिलं. त्यावर त्यांनी बावीसाव्या पानाच्या तळाची ओळ दाखवली: 'ही तपासणी निदानासाठी नाही.'

हा आजार आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यातही असू शकतो, म्हणून परवा मुलीचं रक्त दिलं. तिचा गहू अजून बंद केलेला नाही.