देन्शोचा मुलाखतींचा संग्रह: आजीला काय विचारायचं ते मला इथं कळलं

गेला महिनाभर रोज रात्री सांगलीच्या घरात कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या आजी-आजोबांच्या मुलाखती ऐकतेय. सिएटलच्या देन्शो संस्थेनं १९९६ पासून त्या जमवल्यात. ऑनलाइन आहेत, पैसे लागत नाहीत.

जपाननं अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर हल्ला केल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लाखाहून जास्त माणसांना घरातून काढून काटेरी तारांच्या छावण्यांत नेलं. त्यातले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकेचेच नागरिक. हातात मावेल तेवढंच सामान आणि अंगावर कुटुंबाच्या नंबराची चिठ्ठी. कित्येकांना तर आधी रेसकोर्सच्या तबेल्यांत ठेवलं.

मला सगळ्यात आवडलं ते विचारणं. मुलाखत छावणीपासून सुरू होत नाही. वडील काय करायचे, घर कुठं होतं, शाळा कशी होती, इथून सुरू होते. एकेक मुलाखत काही तासांची, पण तुकडे पाडलेत आणि सोबत शब्दन् शब्द लिहिलेला आहे. माझं इंग्रजी ऐकणं कच्चं, त्यामुळे वाचत वाचत ऐकते.

शब्दांबद्दलही ही माणसं काटेकोर. सरकार त्याला 'स्थलांतर' म्हणायचं; देन्शो 'सक्तीनं हलवणं' आणि 'कैद' म्हणते. इथं मी बराच वेळ थांबले. माझं आजोळ पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. आमच्या कागदांवर 'पुनर्वसन' एवढंच आहे.

आजीला मी कायम विचारायची, "निघताना काय वाटलं गं?" ती गप्प बसायची. तिकडंही हेच. या छावण्यांबद्दलच्या १९८१ च्या सरकारी सुनावण्यांत कितीतरी जण पहिल्यांदा बोलले. १९८८ च्या कायद्यानं माफी आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर मिळाले, तोवर जपानहून आलेल्या पहिल्या पिढीतले बरेच गेले होते. ते ऐकून मला घाई झाली.

मागच्या रविवारी मोबाईल सुरू करून वेगळं विचारलं, "घरात शिरलं की आधी काय दिसायचं?" आजी म्हणाली, "आधी म्हशीची दावण. मग जातं." पुढं दोन तास बोलली. नाचणीचं शेत, ओढ्याचा उतार, कुणाच्या परसात कुठलं आंब्याचं झाड, सगळं.

घरात बोलायला कुणी म्हातारं माणूस असेल, तर यातल्या दोन मुलाखती तरी नीट ऐका.

काल आजीनंच विचारलं, "आज मोबाईल लावला न्हाईस व्हय?"