ग्रामपंचायतीची मृत्यू नोंदणी: तेरवीनंतर उरतात आठच दिवस

विदर्भातल्या खेड्यांत ही सेवा चांगली चालते, पण 21 दिवसांपर्यंतच. तोवर नोंद मोफत, पहिला दाखलाही मोफत. तेरवी आटोपली की पाहू, असं म्हणणाऱ्यांच्या हाती आठ दिवस राहतात. त्यात ग्रामसेवकाकडे दोन गावं असली तर आपल्या गावचा वार आधीच विचारून ठेवा.

खरा घोळ होतो तो ठिकाणाचा. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते. गडचिरोलीकडचा पेशंट नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, दगावला आणि माती गावी झाली, तरी नोंद नागपूरचीच. ती दवाखाना कळवतो; गावच्या ग्रामपंचायतीत पुन्हा अर्ज टाकू नका. मात्र शव ताब्यात घेण्याआधी फॉर्मवरचं नाव आधारशी ताडून बघा. भरतीच्या घाईत कुणी 'भाऊराव' सांगितलेलं असतं, सातबाऱ्यावर असतं 'भाऊजी'. पुढे वारस फेरफार नेमका इथेच अडतो आणि जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खालच्या दुरुस्तीसाठी पुन्हा नागपूरची वारी.

घरी मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने नमुना 2 भरून द्यायचा, सोबत मयताचं आणि माहिती देणाऱ्याचं आधार. शेवटच्या आजारात डॉक्टरचा इलाज चालू असेल तर त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचा नमुना 4-अ मोफत मिळतो. साप चावला, वीज पडली, फवारणीत विषबाधा झाली, तर पोलीस पाटलाला लगेच कळवा. पंचनामा आणि शवविच्छेदन टाळलं तर दाखला कदाचित मिळेल, पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख अडकतील. 'फाडतोड नको' म्हणणारे नातेवाईक हे ध्यानात घेत नाहीत.

21 ते 30 दिवसांत किरकोळ विलंब शुल्क. त्यानंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश, म्हणजे चौकशी, साक्षीदार, चकरा. 30 दिवसांनंतर वर्षाच्या आत 2023 च्या कायदादुरुस्तीनुसार प्रतिज्ञापत्राऐवजी स्वसाक्षांकित कागद चालतो; तरीही काही ठिकाणी स्टॅम्प पेपर मागतात, तिथे नियम दाखवा.

दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढा. बँक, विमा, तलाठी, पेन्शन, सगळ्यांना वेगळी लागते.