मंगळावर ऑक्सिजन बनवायचा की अणुइंजिन न्यायचं?

साताऱ्यातल्या आकाशप्रेमींच्या गप्पांत हे पर्याय एकमेकांविरुद्ध मांडले जातात. पण कामं वेगळी आहेत: अणुइंजिन अवकाशातल्या प्रवासासाठी, स्थानिक ऑक्सिजन मंगळावरून परत उडण्यासाठी. आधी पैसा ऑक्सिजनवर लावावा, असं आमचं ठाम मत.

मंगळाची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ती दाबून ८०० अंश सेल्सिअसला विद्युत विघटन केलं की ऑक्सिजन सुटतो. नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या (फिरत्या यंत्रगाडीवरच्या) मॉक्सी या उपकरणानं २०२१ ते २०२३ मध्ये असा १२२ ग्रॅम बनवला, ताशी कमाल १२ ग्रॅम. माणसांना टनांनी लागेल. तरी परतीच्या रॉकेटच्या मिथेन-ऑक्सिजन इंधनजोडीत तीन चतुर्थांशांहून जास्त वजन ऑक्सिजनचंच असतं. मिथेन म्हणजे कराड-वाळव्यातल्या गोठ्यामागच्या गोबरगॅसमधला जळणारा वायू. सुरुवातीला तो पृथ्वीवरून नेला तरी चालेल. बिघाड कुठे होतो? धुळीनं फिल्टर तुंबतो, व्होल्टेज वाढलं तर विघटन करणाऱ्या सेलवर कार्बन साचतो आणि सेल निकामी होतो.

अणुइंजिनात अणुभट्टी हायड्रोजन तापवते आणि तो वेगानं मागे सुटला की यान पुढे जातं. विशिष्ट आवेग (इंधन किती काटकसरीनं जोर देतं याचं माप) ८५० सेकंदांच्या आसपास, मिथेनच्या दुपटीहून जास्त. अमेरिकेच्या नर्व्हा प्रकल्पात अशी इंजिनं जमिनीवर चालली. १९७३ मध्ये तो बंद झाला. तापलेला हायड्रोजन ग्रॅफाइटच्या इंधनकांड्या झिजवतो. शिवाय उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन महिनोन्महिने टाकीत टिकवायचा असतो.